बिराजदारांच्या घरची साखर

बिराजदार सर माझ्याशी पहिल्यांदा काय बोलले, ते मला जसंच्या तसं आठवतं. सोलापूरच्या त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू होऊन मला तासभरही झाला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले, पिशवीतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायले, तोच समोरचे उंच, काटकुळे, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ वह्या तपासता तपासता थांबले.

"बाई, तुमच्या घरी शुगर कुणाकुणाला हाय?"

मला वाटलं, चहासाठी साखर हवी असेल. म्हटलं, "घरून कशाला आणायची सर, शिपाईमामांकडे असेल की."

सगळी खोली हसली. सर हसले नाहीत. "ती न्हाय ओ. रक्तातली. आई, वडील, आत्या, मामा?"

"कुणालाच नाही."

"नशीबवान हाय तुम्ही," असं म्हणून ते पुन्हा वह्यांत शिरले. मग मान वर न करताच म्हणाले, "तरी तहानेवर लक्ष ठेवा."

आता सोलापुरात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तहानेवर काय लक्ष ठेवायचं? आमच्याकडे मार्चपासून माणसं बोलण्याआधी तांब्या पुढे करतात. तहान हे लक्षण धरायचं म्हटलं, तर अख्खं शहर दवाखान्यात भरती करावं लागेल आणि शेजारच्या खाटेवर डॉक्टरांनाही निजवावं लागेल. पुढे ओळख वाढल्यावर मी हे सरांना म्हणून दाखवलं. मला वाटलं, या खेपेला तरी हसतील. ते म्हणाले, "म्हणूनच तर आमच्या अप्पांचं कळलं न्हाय ओ. सगळे म्हणायचे, ऊन लई हाय."

अप्पा म्हणजे सरांचे वडील. बिराजदार मूळचे दुधनीचे. तिथं अप्पांचं कापडाचं दुकान होतं. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि मधुमेहाला घरातलं नाव 'सक्री ब्यानी', साखरेचं दुखणं. ते दुखणं आजीला होतं, अप्पांना झालं, मग काकांना, मग सरांच्या थोरल्या बहिणीला. सर म्हणायचे, "दुकानाच्या वाटण्या झाल्या, तेव्हा लई भांडणं झाली. साखर मात्र सगळ्यांना बिनतक्रार मिळाली."

फक्त सरांना अजून मिळाली नव्हती. निदान आम्ही सगळे तसं धरून चाललो होतो. वयाच्या पस्तिशीपासून ते तिची वाट बघत होते. ज्या पाहुण्याचं येणं नक्की आहे पण गाडी कुठली ते माहीत नाही, अशा पाहुण्याची बघावी तशी.

नववीला आनुवंशिकता शिकवताना पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण होतं. सरांना वाटाणा पुरेसा वाटत नसे. ते फळ्यावर सरळ बिराजदार घराणं काढायचे. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, ज्यांना साखर आहे त्यांचा गोल-चौकोन खडूनं भरलेला. फळा भरत जायचा. एका वर्षी मागच्या बाकावरची एक धिटुकली मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तुमचा चौकोन भरायचा का रिकामा ठिवायचा?"

मी शेजारच्याच वर्गात होते. सरांचा आवाज बंद झाला म्हणून मी कान टवकारले. मग ऐकू आलं, "तेवढा सोडून द्या. परीक्षेला येणार न्हाय."

त्यांच्या टेबलाच्या खणात चष्म्याच्या जुन्या डबीत रक्तातली साखर मोजायचं यंत्र असायचं. "बोट द्या" हा त्यांचा आवडता हुकूम. चित्रकलेच्या सरांना जेवणानंतर झोप आली, बोट द्या. मुख्याध्यापिकाबाईंना हजेरीपटावरची नावं धूसर दिसली, बोट द्या. माझ्या मानेवरचा काळा पट्टा साखरेचा नाही, मंगळसूत्राचा आहे, हे मी साबण लावून सिद्ध केलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. कुणी पास झाल्याचे पेढे आणले की सर पेढा हातात घ्यायचे, वास घ्यायचे आणि शेजारच्याच्या हातावर ठेवायचे. संक्रांतीला शेंगापोळी नाही, लग्नात हुग्गीची खीर नाही, चहा बिनसाखरेचा. रोज पहाटे तलावाला दोन फेऱ्या. एवढं करून त्यांना साखर झाली असती, तर साखरेलाच लाज वाटली असती.

त्यांच्या पत्नी, मंगलावहिनी, जुळे सोलापूर भागात माझ्या मागच्याच गल्लीत राहायच्या. सरांवर त्यांचा जीव होता आणि सरांची टिंगल हा त्यांचा विरंगुळा होता. मुंग्यांची गोष्ट त्यांनीच मला सांगितली.

लघवीला मुंग्या लागल्या की साखर आहे असं समजावं, ही जुन्या माणसांची खूण. सर विज्ञानाचे शिक्षक, पण सकाळी न्हाणीघरात वाकून मोरीभोवती एक नजर टाकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. एका सकाळी मोरीपाशी मुंग्यांची ही मोठी रांग! सर बाहेर आले, सोफ्यावर बसले आणि मुलीला म्हणाले, "गौरी, शाळेत फोन कर. मी येत न्हाय." गौरी तेव्हा कॉलेजात होती. तिनं विचारलं, काय झालं. सर म्हणाले, "व्हायचं ते झालं." मग त्यांनी विम्याची फाईल काढली. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगितलं. वहिनी भाजी घेऊन परत आल्या, तेव्हा बापलेक रडवेले होऊन बसलेले.

"मी म्हटलं, अहो, काल शेंगापोळीच्या गुळाचं पातेलं मी तिथंच विसळलं की!" वहिनी डोळे पुसत हसत होत्या. "तर म्हणे, असंल, तरी एवढ्या मुंग्या? मी म्हटलं, एक किलो गूळ होता, मुंग्या मोजून येत नाहीत!"

गौरीला बँकेत नोकरी लागली आणि स्थळं येऊ लागली. पहिलं स्थळ चांगलं होतं. मुलगा इंजिनीअर, घरचं बी-बियाण्यांचं दुकान. माणसं येऊन बसली, पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सरांना शेतीवाडीचं विचारलं, सरांनी उत्तर दिलं. मग म्हणाले, "आता तुम्हाला काय विचारायचं असेल तर विचारा, मोकळेपणानं."

सर पुढे सरकले. "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"कोण, मुलगा?"

"न्हाय, तुम्ही."

त्या गृहस्थांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग पोह्यांच्या बशीकडे. सर समजावू लागले की आमच्या बाजूनं भरपूर आहे, तुमच्याही बाजूनं असली तर पोरांच्या पोरांना दोन्हीकडून यायची, म्हणून आधीच विचारलेलं बरं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जमत नाही. गौरी आठवडाभर वडिलांशी बोलली नाही. वर्षभरानं तिनं बँकेतलाच एक मुलगा स्वतः पसंत केला आणि घरी आणण्याआधी वडिलांकडून वचन घेतलं की तो एक प्रश्न विचारायचा नाही. सरांनी शब्द पाळला. फक्त लग्नाच्या जेवणावळीत माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "बाई, व्याही तीनदा उठले."

आम्ही सगळे त्यांना असं हसायचो. मग रसूलमामांचं झालं.

रसूलमामा आमचे शिपाई. आडव्या अंगाचे, बोलघेवडे, सरांच्याच वयाचे. शाळेची घंटा त्यांच्या हातात. त्या फेब्रुवारीत ती कधी पाच मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं आधी वाजायला लागली. पोरं खूश. मुख्याध्यापिकाबाईंनी मामांना खडसावलं, मामा म्हणाले, घड्याळच चुकतंय. घड्याळ बदललं, तरी तेच. आम्ही म्हणायचो, मामांना घरी जायची घाई झालीय.

सर मात्र मामांकडे बघत होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते दाराशी गेले आणि स्टुलावर पेंगणाऱ्या मामांसमोर उकिडवे बसले.

"मामा, पट्ट्याला नवीन भोक कधी पाडलं?"

"दिवाळी के बाद, सर. वजन कम हुआ. अच्छाच हुआ की."

"जेवण कमी केलं?"

"जेवन तर डबल झालं."

"आणि हे?" मामांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

"गेट लागलं. हो जाएगा बरं. तीन हप्ते झाले."

सर उठले, खणातून डबी आणली. "बोट द्या." मामांनी हसत हसत बोट दिलं. थेंब पट्टीवर गेला. मशीनच्या काचेवर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. एच आणि आय. मी मराठीची बाई, मला काय कळणार? मी मोठ्यानं वाचलं, "हाय."

मामा म्हणाले, "हाय मतलब? शुगर हाय?"

"हाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मशीनला मोजता येत न्हाय इतकी हाय."

पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी रिक्षा बोलावली, मामांच्या मुलाला फोन लावला, दोन तास माझ्या गळ्यात घातले आणि मामांना दंडाला धरून घेऊन गेले. मामा नऊ दिवस दवाखान्यात होते. अंगठ्याचं टोक काळं पडायला लागलं होतं. आणखी आठवडा गेला असता तर अंगठा गेला असता, कदाचित पाऊलही, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा मलमपट्टी चालली होती. मामांचा मुलगा तोंड फिरवून उभा होता. सर मात्र वाकून, अगदी जवळून त्या जखमेकडे बघत होते. नर्सनं कापूस टाकायला हात लांबवला, तर त्यांनी न सांगता ट्रे पुढे केला. सराईत माणसासारखा.

महिन्याभरानं मामा कामावर आले. आता त्यांच्याजवळही मशीन होतं आणि रोजचा आकडा खोलीच्या दारातून सगळ्यांना जाहीर व्हायचा. घंटा वेळेवर वाजू लागली. आणि एका दुपारी, चहा देता देता, मामांनी अगदी सहज विचारलं, "सर, तुमारा कितना?"

"माझं काय, बरं हाय."

"बरं मतलब? आकडा बोलो."

सर उठले. "तास हाय माझा," म्हणाले आणि खडू घेऊन निघून गेले. तो त्यांचा मोकळा तास होता, हे भिंतीवरच्या वेळापत्रकात लिहिलेलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वर्षांत सरांनी आम्हा सगळ्यांची बोटं टोचली होती. त्यांनी स्वतःचं बोट टोचलेलं कुणी पाहिलं होतं?

मी संध्याकाळी वहिनींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. या वेळी हसल्या नाहीत. "एकदाही नाही," म्हणाल्या. "लॅबमध्ये नाही, घरी नाही. मी विषय काढला की फिरायला जातात. अप्पांचा पाय कापला ना, त्याआधी चार महिने ह्यांनीच पट्टी केली होती. कॉलेज सोडून घरी राहिले होते. मला लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितलं. तेही एकदाच."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी सर स्वतःच माझ्याजवळ आले. वहिनींनी सांगितलं असणार.

"बाई, तुम्हाला येडेपणा वाटेल. पण अप्पा तपासायला गेले त्याच्या आदल्या दिवशी दुकानात बसून गिऱ्हाइकांशी हसत होते. कागद हातात आला आणि त्या दिवसापासून ते पेशंट झाले. मला कळतं की, कागदानं रोग होत न्हाय. मी विज्ञान शिकवतो. पण हात पुढं होत न्हाय. म्हटलं, लक्षण दिसलं की तपासू. म्हणून लक्षणं बघत बसलो."

"आणि दिसलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, ऊन लई हाय."

मी हे रसूलमामांना सांगितलं. सांगायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण मला दुसरा माणूस सुचला नाही. रविवारी सकाळी सात वाजता मामा सरांच्या दारात स्कूटर घेऊन उभे राहिले. वहिनींनी चहा विचारला तर म्हणाले, "नै भाभी. मैं भी उपाशी, सर भी उपाशी." सर म्हणाले, आज नको, पुढच्या आठवड्यात बघू. मामांनी पायातली चप्पल काढली आणि उजवा पाय पायरीवर ठेवला. अंगठ्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. "ये तुमने बचाया," ते म्हणाले. "अब बैठो."

सर बसले. वहिनी सांगतात की गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मामांचा शर्ट मागून दोन्ही मुठींत धरला होता.

सोमवारी सरांनी लॅबचं बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "तुम्ही वाचा." मामा दाराशी उभे राहिले. मी वाचलं. उपाशीपोटी एकशे अडतीस. तीन महिन्यांची सरासरी सात पूर्णांक एक दशांश.

ही सरासरी साडेसहापासून पुढे गेली की मधुमेह, हे आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ होतं. त्यांनीच पाठ करून घेतलं होतं.

"किडनीचं काय लिहिलंय?"

"व्यवस्थित आहे."

सर खाली बसले. हात मांडीवर ठेवले. मामा म्हणाले, "सर, मेरा तो मशीन में बैठ्याच नै था. तुमारा तर बच्चा हाय."

आणि बिराजदार सर हसले. दात दिसेपर्यंत, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं हसण्याचं किती आणि बाकीचं किती, ते मी मोजत बसले नाही.

तिसऱ्या दिवशी सर नवे, मऊ तळव्याचे बूट घालून आले. डोळे तपासून झाले होते, पावलं तपासून झाली होती, दोन्ही ठीक. एक गोळी सुरू झाली होती. तीन वर्षं आधी आला असतात तर साखर सीमेवरच अडवता आली असती, असं डॉक्टरांनी सुनावलं होतं. हे त्यांनी लपवलं नाही. नववीच्या वर्गात स्वतःची चूक म्हणून सांगितलं. मी शेजारून ऐकत होते. "लक्षणं बघत बसू नका रे. ती उशिरा येतात, कधी येतच न्हायत. घरात कुणाला असंल तर मोठं झाल्यावर वर्षाला एकदा रक्त द्यायचं आणि बिनघोर झोपायचं. घरात हाय म्हणजे आपल्याला होणारच असं न्हाय. न्हाय म्हणजे होणार न्हाय असंबी न्हाय."

एवढं शहाणपण आल्यावर माणूस बदलला असेल असं वाटेल. बदलला, पण आपल्या पद्धतीनं. आता ते दिवसातून तीनदा स्वतःचं बोट टोचायचे आणि क्रिकेटचा धावफलक सांगावा तसा आकडा सांगायचे. मामांशी पैज लागायची. पुढच्या संक्रांतीला सरांनी शेंगापोळीचा एक चतकोर तोडला, वरून तूप घेतलं, डोळे मिटून खाल्ला आणि दोन तासांनी आकडा बघून म्हणाले, "परवडलं." वीस वर्षांनी खात होते. मंगलावहिनींनी मला आत नेऊन सांगितलं, "आता मला रात्री घोरणं ऐकू येतं. आधी हे जागेच असायचे."

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत सर-वहिनींनी गौरीकडे पुण्याला राहायला जायचं ठरलं. गौरी सातव्या महिन्यात होती. ते जाण्याआधी ती आठ दिवस माहेरी आली होती, तेव्हाची एक सकाळ माझ्या लक्षात आहे. मी माझी वर्षाची तपासणी करायला सात रस्ता चौकाजवळच्या लॅबमध्ये गेले होते. कोपऱ्यातल्या बाकावर सर आणि गौरी. डॉक्टरांनी तिला ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त द्यायला सांगितलं होतं. पोटुशी बाईला हे आता सगळीकडेच करायला सांगतात, पण बिराजदारांच्या घरात त्याला वेगळं वजन होतं. रिपोर्ट चांगला आला, हे वहिनींनी मला नंतर कळवलं. त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं.

गौरी वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर. सर ताठ बसले होते, श्वासही जपून घेत होते. मला पाहून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक त्यांच्या तोंडावर येत होतं, तेही ते बाजूला करत नव्हते.

आतून लॅबची मुलगी आली. "गौरी कोण? दोन तास झाले, चला."

सरांनी मोकळा हात हळूच वर केला, मनगटावरचं घड्याळ तिच्याकडे फिरवलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "अजून दोन मिनिटं हायत की."